तिकीट काढलं त्यालाच शेवटी कळतं

१९९२चा नोव्हेंबर. दरबानच्या किंग्जमीड मैदानावर भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी चालू होती. जाँटी ऱ्होड्सनं चेंडू अडवून फेकला, अँड्र्यू हडसननं बेल्स उडवल्या, आणि सचिन तेंडुलकर क्रीजमध्ये पोचला होता की नाही हे मैदानावरच्या पंचांना सांगता येईना. त्यांनी टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लिबेनबर्ग यांना विचारलं. रीप्ले पाहून झाला, दिवा लागला, सचिन परतला. तिसऱ्या पंचानं बाद दिलेला पहिला फलंदाज कोण, हा प्रश्न आपल्याकडे क्विझमध्ये हमखास येतो. त्या दिवसाची दुसरी बाजू मात्र कुणी विचारत नाही. जो निर्णय घरी बसलेल्याला रीप्लेसकट समजला, तो तिकीट काढून उन्हात बसलेल्याला एका दिव्यावरून समजून घ्यावा लागला.

तेव्हापासून टीव्हीवाल्याची चैन वाढतच गेली. चेंडूचा मार्ग दाखवणारी रेघ आली, बॅटची कड लागली का ते सांगणारा आलेख आला, स्टंपमधला माइक आला, आणि आता तर तिसरा पंच काय बोलतोय तेही शब्दन् शब्द ऐकू येतं. मैदानात दिव्याच्या जागी मोठा पडदा आला खरा, पण वागणूक तीच राहिली. निकाल कळेल; 'का' ते विचारू नका.

स्टेडियममध्ये प्रेक्षकांसाठी म्हणून जे तंत्रज्ञान बसवलं जातं, ते बहुतेक वेळा प्रेक्षकाच्या अडचणीपासून सुरूच होत नाही, अशी माझी तक्रार आहे. सुरुवात होते ती प्रायोजकाच्या लोगोपासून, कॅमेऱ्याच्या फ्रेमपासून, नाहीतर ॲप किती जणांनी उतरवून घेतलं या आकड्यापासून. मैदानातल्या माणसाची अडचण साधी आहे. समोर काय घडलं ते त्याला तिथल्या तिथे, सगळ्यांबरोबर आणि त्याच्या भाषेत कळायला हवं. ते सोडून बाकी सगळं त्याला देऊ केलं जातं.

वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये रात्रीच्या सामन्याला बसलेल्या कुणालाही पुढचा प्रसंग ओळखीचा वाटेल. पायचीतचं अपील होतं, पंच मान हलवतात, कर्णधार दोन्ही हातांनी टी करतो. डीजे गाणं लावतो. पडद्यावर आधी रिव्ह्यू प्रायोजित करणाऱ्या कंपनीचं नाव फिरत येतं, मग एक रीप्ले, मग गर्दीतली नाचणारी मुलं. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ फोन एका कानाला लावून, दुसऱ्या कानात बोट खुपसून ओरडत असतो. "अगं, काय दाखवतायत? बॅटला लागलाय का?" पलीकडून डोंबिवलीच्या घरातून उत्तर येतं. "थांबा हो, अजून बॉलिंगच चाललीये इथे." कारण घरी मोबाइलवर दिसणारा सामना मैदानाच्या कित्येक सेकंद मागे धावतो. इकडे पंचांनी निर्णय देऊनही टाकलेला असतो, लोक हुर्यो करून खाली बसलेले असतात. आणि मग फोनवरून बातमी येते. "अंपायर्स कॉल म्हणतायत." गृहस्थ मागे वळून तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "चाटून जात होता, म्हणून वाचला!" मागच्या तीन रांगा माना डोलावतात. चौथ्या रांगेला काहीच कळत नाही.

अंपायर्स कॉल ही भानगड घरी बसून, समालोचकानं दहा वेळा समजावूनही भल्याभल्यांना झेपत नाही. चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसत असेल तर मैदानावरच्या पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. म्हणजे अगदी तोच चेंडू, तोच मार्ग, पण पंचानं आधी बोट वर केलं होतं की नव्हतं यावर फलंदाजाचं मरण ठरणार. एवढा बारीक कायदा तेहेतीस हजारांच्या गर्दीसमोर अंमलात आणायचा आणि गर्दीला एक अक्षर सांगायचं नाही, हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नव्हे. पण आपल्याकडे ते कुणाला खटकतही नाही.

खटकलं तर उपाय म्हणून ॲप देतात. अमेरिकेत सांता क्लारा इथलं लिव्हाइज स्टेडियम २०१४ साली उघडलं तेव्हा त्याच्या ॲपचं भारी कौतुक झालं होतं. खुर्चीवर बसल्या बसल्या खाणं मागवा, कुठल्या स्वच्छतागृहाबाहेर रांग कमी आहे ते बघा, रीप्ले हातातल्या फोनवर पाहा. स्वच्छतागृहाच्या रांगेची कल्पना मला आजही आवडते. ती ज्याला सुचली त्यानं कधीतरी स्वतः रांगेत उभं राहून एखादी विकेट हुकवली असणार. पण फोनवरच्या रीप्लेचं गणित वेगळं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेदरलँड्समधल्या पीएसव्ही आइंडहोवन क्लबनं मैदानात वाय-फाय सुरू केलं, तर त्यांच्याच कट्टर पाठीराख्यांनी वाय-फायला शिवी हासडून 'संघाला पाठिंबा द्या' असे फलक झळकावले. बाहेरून पाहणाऱ्याला तो अडाणीपणा वाटला असेल. मला तो फार शहाणा निषेध वाटतो. त्या पोरांना नेमकं कळलं होतं की खाली वळलेली प्रत्येक मान म्हणजे घोषणेतला एक आवाज कमी.

आपल्याकडे तर गंमत याच्याही पुढची आहे. मैदानात येताना पॉवर बँक आणू देत नाहीत, गर्दीत नेटवर्क धड चालत नाही, आणि पडद्यावर दर दोन षटकांनी क्यूआर कोड येतो. स्कॅन करा, मत द्या, सामनावीर निवडा, बक्षीस जिंका. मत दिल्यानं सामन्यात काही बदलत नाही. फोन नंबर तेवढा द्यावा लागतो.

आवाजाच्या मीटरबद्दल तर बोलायलाच नको. पडद्यावर काटा हलतो, 'मेक सम नॉइज' येतं, डीजे आपलं म्युझिक दाबून चढवतो. ज्या मैदानावर कुणी न शिकवता 'सच्चिन, सच्चिन' ही दोन ठोक्यांची हाक जन्माला घालून वर्षानुवर्षं वापरली गेली, तिथल्या लोकांना ओरडायला शिकवण्याची ही खटपट. नोव्हेंबर २०१३मध्ये तेंडुलकरच्या शेवटच्या कसोटीत ती हाक कुठल्याही यंत्राशिवाय पाच दिवसांच्या सामन्याचे तीन दिवस अखंड चालू होती. आज दोन चेंडूंच्या मधल्या प्रत्येक फटीत गाणं कोंबलेलं असतं. गर्दीची स्वतःची हाक उठायला किमान दहा सेकंदांची शांतता लागते, आणि ती आता कार्यक्रमपत्रिकेत नाही.

हे असं का, याचं उत्तर पैशात आहे आणि ते लपवण्यासारखंही नाही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्या तुलनेत खिडकीवरचा गल्ला म्हणजे वरची चिल्लर. मैदानातला प्रेक्षक आता गिऱ्हाईक कमी आणि सजावट जास्त झाला आहे. २०२० साली आयपीएल अमिरातीत रिकाम्या मैदानांवर झाली तेव्हा रेकॉर्ड केलेला प्रेक्षकांचा गलका वाजवावा लागला, यातच सगळं आलं. गर्दीशिवाय सामना विकला जात नाही हे प्रक्षेपणवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. मग त्या गर्दीला निदान पाहुण्याचा मान तरी द्यावा.

इथे मला कुस्तीच्या मैदानाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही, कारण प्रेक्षकाला खेळात ओढून घेण्याचं जे तंत्र आज करोडो खर्चून शोधलं जातंय ते सांगली-कोल्हापूरच्या जत्रेतल्या फडावर कधीपासून आहे. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं ते खोलगट, मधे हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, मल्ल दिसतो. पहिली गोष्ट दिसणं, आणि तिची सोय दगडमातीतच केलेली. दुसरी गोष्ट हलगी. जोड रंगात आली की हलगीवाला ठेका चढवतो, मल्ल नुसतीच खडाखडी करत राहिले की ठेका टोचायला लागतो. ते खेळाडूला ऐकू जातं आणि प्रेक्षकालाही; दोघंही एकाच आवाजाला बांधलेले.

आणि तिसरा निवेदक. हा माणूस म्हणजे एका माइकवर आणि दोन भोंग्यांवर चालणारी संपूर्ण यंत्रणा असते. मल्ल हौद्यात उतरताना तो त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, मागच्या वर्षी कुणाला चितपट केलं, सगळं सांगतो. कुस्ती लागली की डाव सांगतो. "एकलांगी भरली... सुटला... आता घिस्सा मारायच्या तयारीत." मागे शेवटच्या ओळीत बसलेल्या, डाव न कळणाऱ्या पोरालाही कळतं की आता काहीतरी होणार आहे. मधेच कुणी शंभराची नोट पुढे केली की निवेदक त्याचं नाव घेऊन इनाम जाहीर करतो, आणि दोन मिनिटांत दुसऱ्या गावचा कुणी ईर्ष्येनं दोनशे लावतो. प्रेक्षकानं काही केलं, ते सगळ्यांना कळलं, त्याचा खेळाडूवर परिणाम झाला. संवादी तंत्रज्ञान म्हणून जे काही मागितलं जातं, त्यातलं काय राहिलं यात?

पण हीच कुस्ती गुणांवर गेली आणि फडाची ही भाषा तोकडी पडली. चितपटीला पुरावा लागत नाही. पाठ टेकली की दहा हजार माणसं एकदम उठतात. गुणांचं तसं नाही. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतलं तर दोन, उभ्यानंच थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे वळेल असं, टाकलं तर चार, आणि खांदा किती वळला यावर या दोन-चारमधला फरक ठरतो. जानेवारी २०२३मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडला सिकंदर शेखविरुद्ध 'बाहेरची टांग' या डावावर चार गुण मिळाले, आणि ते चार होते की दोन यावरून सोशल मीडियावर अख्खा महाराष्ट्र पंच झाला. मोबाइलवर काढलेले क्लिप हळू करून, थांबवून, लाल वर्तुळं काढून फिरत राहिले. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला तर गादी विभागाच्या लढतीत चितपटीचाच निर्णय वादात सापडला आणि प्रकरण पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेलं. ज्यानं मारली त्याच्यावर बंदी आली, ते योग्यच झालं. पण दोन्ही वेळा मैदानात बसलेल्या हजारोंना तो क्षण पुन्हा दाखवून, पंचांनी माइक हातात घेऊन "खांदा इथे वळला, म्हणून चार" असं तिथल्या तिथे सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? वाद मिटला असता असं मी म्हणत नाही. कुस्तीतला वाद मिटत नसतो. निदान लोक एकाच गोष्टीवर भांडले असते.

पंचाच्या हातात माइक देण्याची ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये रेफरी १९७५पासून अंगावर माइक लावून निर्णय सगळ्या मैदानाला ऐकवतो. रग्बीत रेफरी खेळाडूंशी काय बोलतोय ते प्रेक्षकांना मैदानातच छोट्या रेडिओवर ऐकता येतं. ते ऐकता ऐकता सामान्य प्रेक्षक नियमात तयार होतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला मात्र फार उशिरा शहाणपण सुचलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१९-२०च्या हंगामात व्हिडिओ पंच आले. अँफील्ड आणि ओल्ड ट्रॅफर्डसारख्या ऐतिहासिक मैदानांवर तर मोठा पडदाच नव्हता. गोल होतो, लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि मग दोन-तीन मिनिटं रेफरी कानाला हात लावून उभा. काय तपासतायत, कुणालाच माहीत नाही. २०२३च्या फेब्रुवारीत मोरोक्कोतल्या क्लब विश्वचषकात आणि मग त्याच वर्षीच्या महिला विश्वचषकात फिफानं रेफरीला निर्णय आणि कारण ध्वनिक्षेपकावरून सांगायला लावलं. इंग्लंडमध्ये हे पहिल्यांदा घडलं ते जानेवारी २०२५मध्ये, लीग कपच्या उपांत्य सामन्यात. आभाळ कोसळलं नाही.

आणि स्वीडन! तिथल्या बहुतेक क्लबांची बहुमताची मालकी सभासदांकडे, म्हणजे प्रेक्षकांकडेच असते. त्यांनी आपापल्या क्लबच्या सभेत व्हिडिओ पंचाला विरोध केला आणि २०२४मध्ये स्वीडिश फुटबॉल संघटनेनं तो विषय बाजूला ठेवला. त्यांचा निर्णय बरोबर की चूक यात मला पडायचं नाही. व्यक्तिशः मला तंत्रज्ञान हवं आहे. पण कुठल्या तरी देशात बाकावर बसणाऱ्याला विचारून ठरलं, याचा हेवा वाटतो. आपल्या क्रिकेट संघटनांच्या मतदारयादीत क्लब असतात, संस्था असतात. नॉर्थ स्टँड नसतो.

फोनची गरज नसलेलं, मान खाली न घालायला लावणारं तंत्रज्ञान कसं असतं याचे चांगले नमुनेही आहेत. बेल जागेवरून सुटली की लखकन पेटणारी स्टंप-बेलची जोडी घ्या. ऑस्ट्रेलियात जन्मली, २०१४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात सगळ्यांनी पाहिली. आत सेन्सर आहे, बॅटरी आहे, पण प्रेक्षकाला काही करावं लागत नाही. सीमारेषेच्याही मागे, वरच्या मजल्यावर बसलेल्याला कधी नव्हे ते यष्टिरक्षकाच्या बरोबरीनं कळतं की गेला. प्रो कबड्डी २०१४मध्ये वरळीच्या एनएससीआयमध्ये सुरू झाली तेव्हा चढाईचं तीस सेकंदांचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं समोर आलं. लालबाग-प्रभादेवीच्या मैदानांवर रात्रीचे सामने बघत वाढलेल्यांनी नाकं मुरडली, कारण त्यांच्या लेखी चढाईचं घड्याळ म्हणजे चढाईपटूचा दम. पण त्या घड्याळानं शेवटच्या पाच सेकंदांचा ताण खेळाडूच्या छातीतून काढून अख्ख्या सभागृहाच्या छातीत घातला. तिसरी चढाई, करो या मरो, चार सेकंद उरलेत, आणि चढाईपटूला ओलांडावीच लागते ती 'निदान रेषा'ही अजून ओलांडलेली नाही. हे शेवटच्या खुर्चीतल्या आजींनाही वाचता येतं.

टेनिसमधलं उदाहरण जास्त शिकवून जातं. हॉक-आयचं, म्हणजे चेंडू कुठे टेकला ते कॅमेऱ्यांवरून दाखवणाऱ्या यंत्राचं, आव्हान २००६मध्ये अमेरिकन ओपनला आणि २००७मध्ये विम्बल्डनला आलं. खेळाडूनं आव्हान दिलं की पडद्यावर चेंडूचं चित्र रेषेकडे सरकायला लागायचं, आणि प्रेक्षक आपणहून एका लयीत टाळ्या वाजवायला लागायचे. टप टप टप टप, मग चेंडू टेकला की ओऽऽ. कुणी सांगितलं नव्हतं. यंत्राला लागणाऱ्या त्या काही सेकंदांत प्रेक्षकांनी स्वतःची जागा शोधली. २०२५मध्ये विम्बल्डननं रेषेवरचे पंचच काढून टाकले. आता यंत्र तत्क्षणी 'आउट' म्हणतं. आव्हान नाही, म्हणून ती वाट बघणं नाही, म्हणून त्या टाळ्या नाहीत. अचूकता वाढली, हे मान्य. पण प्रेक्षकांच्या हातातलं काहीतरी कमी झालं, याची नोंद कुठल्याच ताळेबंदात झाली नाही.

आता विरोधातलं बोलणं. संयोजक आणि पोलीस दोघंही म्हणतात की वादग्रस्त रीप्ले गर्दीला दाखवणं म्हणजे दंग्याला आमंत्रण. ही भीती पोकळ नाही. १९९९च्या फेब्रुवारीत ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत तेंडुलकर धाव घेताना शोएब अख्तरला धडकला, बाहेर राहिला, आणि तिसऱ्या पंचानं त्याला धावबाद दिलं. ईडन पेटलं. सचिनला स्वतः मैदानात फिरून लोकांना शांत करावं लागलं, आणि शेवटी स्टँड रिकामे करून सामना संपवावा लागला. पण तिथे काय झालं होतं ते नीट बघा. धडक लोकांनी डोळ्यांनी पाहिलीच होती, ती लपवायला काही उरलंच नव्हतं. न कळलेली गोष्ट होती ती निर्णयाचं कारण. धडक मुद्दाम नसेल तर नियमानं फलंदाज बादच, हे एका वाक्यात, बंगालीत, त्या क्षणी कुणी सांगितलं असतं तर गर्दी शांत झालीच असती अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पण मौन बाळगून काय झालं ते तर दिसलंच. शिवाय आज लपवाल कसं? प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. मैदान सांगणार नाही ते व्हॉट्सॲप सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

दुसरा आक्षेप सट्ट्याचा. मैदानातल्या माणसाला घरच्या प्रक्षेपणापेक्षा काही सेकंद आधी कळतं, आणि त्या सेकंदांवर सट्टेबाजांचा धंदा चालतो. मार्च २०२१मध्ये गहुंज्याला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने कोविडमुळे प्रेक्षकांविना झाले, तर पोलिसांनी मैदानाजवळच्या उंच इमारतीतून आणि डोंगरावरून दुर्बिणी-कॅमेरे लावून बसलेल्या टोळीतले ३३ जण पकडले. सामना डोळ्यांनी बघण्यासाठी एवढा आटापिटा त्या दिवशी दुसऱ्या कुणीच केला नसेल. पण यावरून मैदानातल्या प्रेक्षकाला अंधारात ठेवावं असं निघत नाही. सट्टेबाजाला विकेट पडलेली दिसली की पुरे. अंपायर्स कॉल म्हणजे काय हे त्याला समजावून घ्यायचं नसतं.

मग करायचं काय? माझी पहिली मागणी अगदी कमी खर्चाची आहे. रिव्ह्यू चालू असताना डीजे बंद, आणि तिसऱ्या पंचाचा आवाज मैदानाच्या स्पीकरवर. शेवटी निवेदकानं मराठीत एक ओळ सांगायची: "चेंडू आधी पॅडला, यष्टीला अर्ध्याहून कमी, म्हणून पंचांचा निर्णय कायम, नाबाद." मोबाइलवरच्या आयपीएलला २०२३पासून मराठी समालोचन आहे. त्यात बोलणाऱ्या केदार जाधवला बेंगळुरूच्या संघानं मधल्या मधे माइकसमोरून उचलून थेट मैदानात नेलं, इतकं ते खेळाच्या जवळचं होतं. पण तेच समालोचन चर्चगेटला उतरून वानखेडेत शिरलेल्या माणसाला ऐकू येत नाही. एके काळी लोक ट्रान्झिस्टर कानाला लावूनच मैदानात बसायचे, बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत समोरचा खेळ बघायचा, ही चैन तेव्हा परवडत होती. विम्बल्डनच्या परिसरात स्पर्धेचं स्वतःचं रेडिओ केंद्र ८७.७ एफएमवर ऐकू येतं. इंग्लंडमध्ये कसोटीला समालोचन ऐकण्यासाठी कानात घालायचे छोटे रेडिओ मैदानावरच विकत मिळतात. आता तर ब्लूटूथचं ऑराकास्ट नावाचं तंत्र आहे, ज्यात एकच आवाज एका वेळी कितीही कानांत पाठवता येतो. नेटवर्क लागत नाही, फोन नंबर द्यावा लागत नाही. फोन खिशात, मान वर, कानात मराठी.

त्याच यंत्रणेवरून अंध प्रेक्षकासाठी सविस्तर वर्णन देता येईल. २०२४च्या आयपीएलमध्ये टीव्हीवर सांकेतिक भाषेतलं समालोचन सुरू झालं, फार चांगली गोष्ट झाली. पण त्याचा अर्थ असाही होतो की ज्याला ऐकू येत नाही त्यानं घरीच बसावं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर कर्णबधिर पाठीराख्यांना गर्दीचा गलका अंगावर थरथरीतून जाणवेल असे शर्ट दिले होते. मेलबर्नला अंध प्रेक्षकांनी हातातल्या पाटीवर फिरणाऱ्या कडीला बोट लावून चेंडू कुठे चाललाय ते 'पाहिलं'. एवढ्या लांब उड्या आपण आज मारू नये. आधी व्हीलचेअरचा उतार आणि कानातलं वर्णन, इतकं तरी.

दुसरी मागणी खेळाशी संबंधित नाही आणि सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे. ४ जून २०२५ला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयाचा जल्लोष बघायला आलेल्यांपैकी ११ जण चेंगरून मेले. बोलावणं सोशल मीडियावरून गेलं, पास ऑनलाइन मिळतील असं सांगितलं गेलं, मिरवणूक आहे की नाही यावर गोंधळ राहिला. लोकांना बोलावणारं तंत्रज्ञान सेकंदात लाखोंपर्यंत पोचलं; 'हे दार बंद आहे, मागे फिरा' हे सांगणारं तंत्रज्ञान दारापाशीच नव्हतं. वर्षभरापूर्वी, ४ जुलै २०२४ला, मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्यांची बस ठरल्या वेळेच्या कितीतरी उशिरा निघाली तेव्हा समुद्राकाठी ठेचून भरलेल्या गर्दीलाही बस कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. मुंबईचं नशीब थोर म्हणून ती रात्र निभावली. एका दिव्याच्या खांबावरचा एक पडदा, एक भोंगा, आणि त्यावर खरं बोलण्याचा अधिकार असलेला एक माणूस. गर्दीच्या ठिकाणी यापेक्षा मोठं संवादी तंत्रज्ञान मला सुचत नाही. दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याच्या क्रमांकपट्टीतली चिप पेडर रोडवर उभ्या असलेल्या बायकोला सांगू शकते की नवरा कुठवर पोचलाय. मग गेट नंबर किती उघडं आहे हे सांगणं अवघड का असावं?

तिसरी मागणी माहितीची. हल्ली तिकिटापासून प्रवेशापर्यंत सगळं फोनवर आणायची घाई आहे, काही देशांत तर चेहरा दाखवून आत सोडतात. सोय आहे, नाकारत नाही. पण सामना बघायला चेहरा गहाण टाकावा लागू नये. कागदी तिकीट घेऊन येणाऱ्यालाही तीच माहिती, त्याच क्षणी मिळाली पाहिजे.

आणि हे सगळं आयपीएलच्या अंतिम सामन्यात करून बघा असं मी म्हणत नाही. तिथे दर सेकंदाला कुणीतरी पैसे मोजलेले आहेत. रणजी सामन्यापासून सुरुवात करा. तिथे बहुतेकदा तिकीट नसतं, प्रायोजक दाटीवाटी करत नाहीत, आणि स्टँडमध्ये बसलेले दोन-चारशे जण खेळ जाणणारे असतात. चहाच्या वेळी जाऊन त्यांना विचारायचं, काका, ऐकू आलं का? कळलं का? काय नको होतं? ते मोकळेपणानं सांगतील. मुंबईच्या मैदानांवर पंचविशी-तिशीपासून बसलेल्या या मंडळींना आजवर हे कुणी विचारलेलं नाही, एवढंच.